माउंट हेडन का टिकलं नाही? ‘ग्रँड टीटॉन’ या नावाचं प्रकरण

1873 च्या जूनमध्ये ‘स्क्रिब्नर्स मंथली’ या अमेरिकी मासिकात नॅथॅनिएल लँगफर्डचा एक लेख छापून आला. आदल्या वर्षी 29 जुलैला आपण आणि जेम्स स्टीव्हन्सन यांनी वायोमिंगमधलं एक अवघड शिखर सर केलं, असा त्याचा दावा होता. शिखराचं नाव लेखाच्या मथळ्यातच होतं: माउंट हेडन. लँगफर्ड ऐरागैरा नव्हता. नुकत्याच जाहीर झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा तो पहिला अधीक्षक. ज्यांचं नाव दिलं ते फर्डिनंड हेडन तर पश्चिमेकडच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचे प्रमुख. यलोस्टोनला उद्यानाचा दर्जा मिळाला त्यात त्यांच्या अहवालाचा मोठा वाटा होता. नाव ठेवणारा वजनदार, ज्याचं ठेवलं तो त्याहून वजनदार, आणि वर मासिकाची प्रसिद्धी. एखादं नाव रुजायला आणखी काय हवं?

तरी ते रुजलं नाही. 4,199 मीटर उंचीच्या त्या शिखराला आज सगळे ‘ग्रँड टीटॉन’ म्हणतात. हे नाव फ्रेंच आहे, हेडनचं पथक तिथे पोचलं त्याच्या कित्येक दशकं आधीपासून ते चालत होतं, आणि त्याचा सरळ अर्थ ‘मोठा स्तन’ असा होतो.

एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषिक अमेरिका अशा बाबतीत फार सोवळी. टेबलावर ताट ठेवतानाही शब्द जपून वापरणारी माणसं. त्या समाजानं एका प्रतिष्ठित शास्त्रज्ञाचं नाव मागे सारून हे नाव कसं चालवून घेतलं? माझं मत असं की इंग्रजीत शिरल्याबरोबर या शब्दाचा अर्थ झडून गेला आणि उरला तो फक्त आवाज. पण हे अर्धंच उत्तर झालं. अर्थ हरवलेली नावं शेकड्यांनी मेलेलीही आहेत. हे जगलं, कारण दुसरं नाव यायच्या आधी ते माणसांच्या तोंडात बसलं होतं आणि इंग्रजीच्या व्याकरणात फिट झालं होतं.

पूर्वेकडून एक, पश्चिमेकडून दुसरं

टीटॉन रांग साधारण 65 किलोमीटर लांबीची, दक्षिणोत्तर. वायोमिंग राज्याच्या वायव्य भागात, आयडाहोच्या हद्दीला लागून. रॉकी पर्वतातली ही सर्वांत तरुण रांग. तिचे खडक मात्र पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी, अडीच अब्ज वर्षांहूनही आधीचे. रांगेच्या पूर्व पायथ्याशी जमिनीला मोठी भेग आहे. भेगेच्या एका बाजूची दरी खचत गेली आणि दुसऱ्या बाजूचा डोंगर वर उठत गेला. त्यामुळे जॅक्सन होल नावाच्या त्या दरीतून पाहिलं तर मधे टेकड्या नाहीत, पायऱ्या नाहीत; सपाट गवताळ जमीन संपते आणि दोन हजार मीटरहून जास्त उंचीची भिंत सुरू होते. बहुतेक छायाचित्रं याच बाजूनं काढलेली असतात. त्यात दिसतात ते करवतीसारखे सुळके. ते पाहून कुणाला स्तन आठवतील, असं मला तरी वाटत नाही.

पश्चिमेकडून, म्हणजे आयडाहोच्या बाजूनं, चित्र वेगळं आहे. तिकडचा उतार मंद आहे, पुढची जमीन दूरवर मोकळी आहे, आणि त्या उतारामागून तीन शिखरं डोकं वर काढतात. आज त्यांना ग्रँड, मिडल आणि साउथ टीटॉन म्हणतात. नाव ठेवणारे लोक याच बाजूला वावरत होते. बीव्हर या प्राण्याच्या लोकरीपासून बनणाऱ्या टोप्यांची युरोपात चलती होती, आणि त्या कातड्यांसाठी मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीच्या तुकड्या 1810 च्या दशकाच्या अखेरीस स्नेक नदीच्या खोऱ्यात उतरू लागल्या. त्यांत फ्रेंच बोलणारे कॅनडावासी होते, मिश्र कुळाचे होते, पूर्वेकडून आलेले इरोक्वा या मूळनिवासी जमातीचे लोकही होते. कामाची बोली बरीचशी फ्रेंच. त्यांनी त्या तीन शिखरांना ‘ले त्रुआ तेताँ’ म्हटलं, म्हणजे तीन स्तन.

पहिल्यांदा हा शब्द कुणी उच्चारला ते कुठेच नोंदलेलं नाही, आणि अशा नावांच्या बाबतीत ते असतही नाही. तळावर कुणीतरी म्हणतो, बाकीचे हसतात, पुढच्या वर्षी तेच नाव वाट सांगायला वापरलं जातं.

नाव त्याआधीही होतं. इथल्या मूळनिवासी शोशोनी लोकांचा ‘तीविनॉट’ हा शब्द, अर्थ ‘पुष्कळ सुळके’, पूर्ण रांगेसाठी होता असं मानलं जातं. डोंगराचं ते अधिक खरं वर्णन आहे. आज तो शब्द जवळच्याच एका शिखराला दिलेला आहे. 1811 मध्ये विल्सन प्राइस हंट या व्यापाऱ्याचा तांडा इथून पॅसिफिककडे गेला, तेव्हा त्यानं या शिखरांना ‘पायलट नॉब्ज’ म्हटलं, वाट दाखवणारे उंचवटे. सभ्य, उपयुक्त आणि इंग्रजी नाव. पण हंट एकदाच गेला. फ्रेंच बोलणारे फासेपारधी दरवर्षी येत राहिले. शिखरांच्या पश्चिमेची दरी त्या काळी ‘पियेर्स होल’ म्हणून ओळखली जात होती, तीही पियेर नावाच्या एका इरोक्वा पारध्यावरून. 1832 मध्ये कातड्यांच्या व्यापाऱ्यांचा मोठा वार्षिक मेळा याच दरीत भरला. इंग्रजी बोलणारे अमेरिकी पारधी तिथे आले, त्यांनी शिखरांचं नाव कानानं उचललं आणि आपल्या जिभेनं वळवलं. त्यांच्यापैकी अनेकांना लिहितावाचता येत नव्हतं. शब्दकोश पाहायचा प्रश्नच नव्हता.

शब्दाचं काय झालं

फ्रेंचमध्ये ‘तेताँ’ हा शब्द घरगुती, थोडा थट्टेचा. शिवी नाही, पण पाहुण्यांसमोर सहज काढावा असाही नाही. यंत्रशाळेतही तो भेटतो: एखाद्या भागावरची बाहेर आलेली बारीक खुंटी, तिलाही फ्रेंच कारागीर तेताँ म्हणतात. मुळाशी ‘तेत’ हा जुना शब्द आहे, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला गाई-शेळ्यांच्या सडांसाठीचा ‘टीट’ हा शब्दही त्याच घराण्यातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे इंग्रजी माणसाच्या घरात या शब्दाचं नातेवाईक आधीपासून राहत होतं. तरीही त्यानं पाहुण्याला ओळखलं नाही.

न ओळखण्याचं कारण उच्चारात आहे. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर येतो आणि शेवटचा न नाकात विरतो. इंग्रजीनं जोर पहिल्या अक्षरावर आणला, तिथला ‘ते’ लांबवून ‘टी’ केला, ‘न’ स्पष्ट केला. ‘तेताँ’चा ‘टीटॉन’ झाला. लिहिताना पहिल्या स्वरावरचं चिन्हही गळलं. अनेकवचन करताना फ्रेंचमध्ये ‘स’ लिहितात पण उच्चारत नाहीत. इंग्रजीनं तो खणखणीत वाजवला: ‘टीटॉन्स’. एवढं झाल्यावर पॅरिसच्या माणसासमोर हा शब्द म्हटला तर त्याला तो आपला वाटेलच असं नाही. लिहिलेला पाहिला की मात्र तो हसतो.

‘ग्रँड’चं झालं ते याच्या नेमकं उलट. हा शब्द इंग्रजीला ओळखीचा होता, पण वेगळ्या अर्थानं. फ्रेंच ‘ग्राँ’ म्हणजे मोठा, उंच, वयानं वडील. तीन शिखरांत सर्वांत उंच ते ग्राँ, इतकाच त्याचा आशय. इंग्रजी ‘ग्रँड’ म्हणजे भव्य, दिमाखदार. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या मनात ‘ग्रँड टीटॉन’ म्हणताना ‘भव्य असं काहीतरी’ एवढीच छाया उमटते. एक शब्द मुका झाला आणि दुसऱ्यानं भारदस्त कपडे घातले. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘थोरला’. ग्रँड टीटॉन म्हणजे थोरला टीटॉन. त्याच्याशेजारी ‘मिडल’ म्हणजे मधला. ‘भव्य टीटॉन’ असं कुणी लिहिलं तर ते इंग्रजीच्या गैरसमजाचं भाषांतर ठरेल. तिसऱ्याला इंग्रजीनं ‘साउथ’ म्हटलं आणि नात्यांची ती साखळी दिशेत मोडली.

एक फाटा इथेच मिटवायला हवा. ‘टीटॉन’ हा शब्द सू या मूळनिवासी लोकांच्या टीटॉन या शाखेवरून, म्हणजे लाकोटांवरून आला, असा एक मतप्रवाह आहे. तो निव्वळ हवेतला नाही. लुईस आणि क्लार्क हे सरकारी मोहिमेवरचे शोधप्रवासी 1804 च्या सप्टेंबरमध्ये आजच्या दक्षिण डकोटात टीटॉन सू लोकांना भेटले आणि तिथे मिसूरीला मिळणाऱ्या एका नदीला त्यांनी ‘टीटॉन नदी’च म्हटलं, आज ती बॅड रिव्हर म्हणून ओळखली जाते. म्हणजे ‘टीटॉन’ अशी अक्षरं असलेलं एक निराळं, फ्रेंचशी संबंध नसलेलं नाव अमेरिकी नकाशांवर खरोखर होतं. पण हे लाकोटा पूर्वेकडच्या गवताळ मैदानांत, या शिखरांपासून पुष्कळ दूर राहत होते, आणि जुन्या नोंदींत इथलं नाव ‘त्रुआ तेताँ’ असं तीनच्या आकड्यासह फ्रेंचमध्ये येतं. जमातीच्या नावामागे ‘तीन’ कशाला लागेल? बहुतेक इतिहासकार फ्रेंच उगमच मानतात, आणि तेच पटतं. मात्र या दुसऱ्या व्युत्पत्तीचा एक फायदा नावाला नक्की झाला असणार. ज्याला अर्थ सांगायची लाज वाटली, त्याला म्हणायची सोय होती: एका जमातीचं नाव आहे.

भाषांतर का झालं नाही

हा प्रश्न मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शेजारीच उलट उदाहरण आहे. उत्तरेला यलोस्टोन नदी आहे. त्या नदीला हिदात्सा हे मूळनिवासी लोक ‘पिवळ्या खडकाची नदी’ अशा अर्थाचं नाव घेत. फ्रेंच पारध्यांनी ते आपल्या भाषेत आणलं: ‘रोश झोन’. इंग्रजांनी फ्रेंचचं पुन्हा भाषांतर केलं: यलो स्टोन. एकच अर्थ तीन भाषांतून चालत आला आणि प्रत्येक मुक्कामी त्यानं कपडे बदलले. मग पलीकडच्या डोंगरावर इंग्रजीनं फ्रेंच शब्द तसाच का ठेवला?

सरळ आहे. भाषांतर केलं असतं तर नकाशावर छापता आलं नसतं. पारध्यांच्या तळावर अर्थ ठाऊक असणारे होतेच. शब्द जसाच्या तसा ठेवला की ज्याला कळायचं त्याला कळतं आणि ज्याला कळू नये त्याला कळत नाही. मग पिढी बदलली, फ्रेंच बोलणारे पारधी गेले, बीव्हरच्या टोप्यांची जागा रेशमी टोप्यांनी घेतली, व्यापार बसला. पडदा राहिला, पडद्यामागचं माणूस निघून गेलं.

जॅक्सन होल दरीच्या पूर्वेला ग्रो व्हेंट्र नावाची नदी आणि डोंगर आहेत. फ्रेंचमध्ये अर्थ ‘मोठं पोट’; एका मूळनिवासी जमातीला फ्रेंचांनी दिलेलं हे नाव. त्याचंही भाषांतर झालं नाही. स्थानिक माणसं त्याचा उच्चार ‘ग्रोव्हाँट’ असा करतात आणि लिहिलेल्या अक्षरांवरून वाचणाऱ्या पर्यटकाला तिथेच ओळखतात. 23 जून 1925 रोजी या नदीवर प्रचंड दरड कोसळली, नदी अडली, आणि दोन वर्षांनी तो नैसर्गिक बांध फुटून खालचं ‘केली’ नावाचं गाव वाहून गेलं. त्या भागातल्या लोकांना ‘ग्रोव्हाँट’ म्हटल्यावर पोट आठवत नाही, ती दरड आठवते.

1872: नाव बदलायचा प्रयत्न

आता मूळ प्रकरण. 1872 च्या उन्हाळ्यात हेडन यांनी आपल्या पथकाचे दोन भाग केले. स्नेक नदीच्या बाजूचा भाग स्टीव्हन्सनकडे. लँगफर्ड त्याच्यासोबत पाहुणा म्हणून होता. हे लोक पश्चिमेकडून आले, म्हणजे पारध्यांच्याच बाजूनं, आणि तीन शिखरं त्यांना पारध्यांना दिसली तशीच दिसली. छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यानं त्याच मोसमात या शिखरांची पहिली छायाचित्रं घेतली.

लँगफर्डला जुन्या नावाचा अर्थ पूर्ण ठाऊक होता. या थंडगार, ओसाड सुळक्यांत ज्याला बाईच्या मऊ वक्षाची आठवण झाली तो माणूस भलताच हळवा आणि रानात फार काळ एकटा राहिलेला असणार, अशा आशयाचा चिमटा त्यानं काढून ठेवला आहे. म्हणजे नाव बदलताना दोन कारणं एकत्र आली: साहेबांचा सन्मान, आणि एका चावट शब्दापासून सुटका.

हेडन हे नाव काही वर्षं लिखाणात आणि नकाशांवर दिसत राहिलं. पण हरलं. का, हे समजायला याच मोहिमेनं ठेवलेली बाकीची नावं पाहावीत. चित्रकार थॉमस मोरन याच्या नावानं माउंट मोरन. वाटाड्या रिचर्ड ली, ज्याला सगळे ‘बीव्हर डिक’ म्हणत, त्याच्या नावानं ली लेक. त्याची शोशोनी पत्नी जेनी हिच्या नावानं जेनी लेक. ही तिन्ही नावं आजही आहेत. जेनी लेक तर आज उद्यानातल्या सर्वाधिक गर्दीच्या जागांपैकी एक. जेनी स्वतः 1876 मध्ये देवीच्या साथीत मुलांसकट गेली. म्हणजे हेडनच्या पथकाला नावं देता येत नव्हती असं नाही, माणसांची नावं डोंगरांना चिकटत नव्हती असंही नाही. ज्या जागेला इंग्रजी बोलणाऱ्यांच्या वापरातलं नाव नव्हतं तिथे दिलेलं नाव रुजलं. जिथे पन्नासेक वर्षं एक नाव रोज वापरात होतं, तिथे रुजलं नाही.

शोशोनींच्या नावांचं काय, असं कुणी विचारेल. ती नावं होतीच. नकाशा काढणाऱ्यांनी त्यांना ‘वापर’ या सदरात धरलं नाही. ‘जो जास्त वापरतो त्याचं नाव’ हा नियम मी मांडतोय खरा, पण कुणाचा वापर मोजायचा हे ज्याच्या हाती कागद त्यानं ठरवलं.

माउंट हेडनच्या विरोधात आणखी एक गोष्ट गेली असावी. ज्या चढाईबरोबर ते नाव आलं ती चढाईच संशयात सापडली. 11 ऑगस्ट 1898 रोजी फ्रँकलिन स्पाल्डिंग, विल्यम ओवेन आणि आणखी दोघं शिखरावर पोचले. तिथे आधी कुणी आल्याची खूण नाही, सबब आपणच पहिले, असं ओवेननं ठासून सांगायला सुरुवात केली आणि पुढची तीसेक वर्षं तो ते सांगत राहिला. लँगफर्डनं वर्णन केलेली जागा खरं तर माथ्याजवळची पश्चिमेकडची टोकाची सोंड असावी, असं अनेकांचं म्हणणं. त्या सोंडेवर उभ्या शिळा रचून केलेलं एक कोंडाळं आहे. लँगफर्डनं ते पाहिलं आणि नोंदलं. ते रचणारे मूळनिवासी होते असं मानलं जातं. म्हणजे ‘पहिला कोण’ हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी आधी कुणीतरी जवळजवळ माथ्यापर्यंत जाऊन आलं होतं, आणि त्यानं कुठल्याही मासिकात लेख दिला नाही. वायोमिंगच्या विधिमंडळानं पुढे ओवेन आणि स्पाल्डिंग यांच्या बाजूनं कौल दिला. ओवेनचं नाव शेजारच्या शिखराला मिळालं. मुख्य शिखराला त्याचंही नाही.

सरकारनंही तोवर बाजू बदललेली होती. 1897 मध्ये इथे राखीव जंगल जाहीर झालं ते ‘टीटॉन’ या नावानं. 1921 मध्ये वायोमिंगचा टीटॉन जिल्हा झाला. 26 फेब्रुवारी 1929 रोजी राष्ट्रीय उद्यान झालं: ग्रँड टीटॉन नॅशनल पार्क. सुरुवातीला त्यात फक्त शिखरं आणि पायथ्याची तळी होती. जॉन रॉकफेलर (धाकटे) यांनी दरीतली हजारो एकर जमीन एका कंपनीच्या आडून गुपचूप विकत घेतली, त्यावरून स्थानिक पशुपालकांशी मोठा झगडा झाला, आणि 1950 मध्ये ती जमीन उद्यानात सामील झाली. दरीतल्या माणसांनी या उद्यानातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर भांडण केलं. नावावर नाही.

इंग्रजीत आज ते कसं चालतं

गिर्यारोहक नुसतं ‘द ग्रँड’ म्हणतात. ‘उद्या ग्रँड करतोय’ म्हटलं की पुरतं. जुन्या लिखाणात ‘द ग्रँड टीटॉन’ असं उपपद लावून येतं, कारण तेव्हा लोकांना ते ‘टीटॉनांपैकी थोरला’ असं वाटत होतं. आता बहुधा उपपद गळतं, माउंट एव्हरेस्टला नसतं तसं. अनेकवचनात ‘द टीटॉन्स’ म्हणजे संपूर्ण रांग, ज्यात तीनच काय, डझनावारी शिखरं आली. विशेषण म्हणून तर हा शब्द कशालाही लागतो: टीटॉन खिंड, टीटॉन व्हिलेज, आयडाहोतलं टीटॉन धरण, जे 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. आयडाहो आणि माँटानातही टीटॉन नावाचे जिल्हे आहेत. फ्रेंच ‘तीन’ पूर्ण विसरला गेला. माउंट हेडनला हे काही करता आलं नसतं. ‘हेडन्स’ म्हणजे रांग होत नाही. माणसाचं नाव एका माथ्यावर बसतं आणि तिथेच राहतं. ‘टीटॉन’ मात्र अर्थाचं ओझं नसल्यामुळे खालच्या दरीत, खिंडीत, शाळांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर उतरला.

अर्थ पूर्ण मेला आहे असं मात्र नाही. प्रवासी पुस्तिका, वाटाडे, बसमधले मार्गदर्शक तो हमखास सांगतात आणि लोक हमखास हसतात. पण हसणं संपलं की शब्द पुन्हा मुका होतो.

अर्थ न कळणं हेच टिकण्याचं एकमेव कारण असतं, तर युटा राज्यातली ‘मॉलीज निपल’ नावाची शिखरं एव्हाना गेली असती. ती स्वच्छ इंग्रजीत आहेत, एकाहून जास्त आहेत, आणि अजून नकाशावर आहेत. म्हणजे अमेरिकी नकाशा वाटतो तितका लाजाळू नाही. 2022 मध्ये अमेरिकी सरकारनं साडेसहाशेच्या आसपास ठिकाणांची नावं एका झटक्यात बदलली, ती मूळनिवासी स्त्रियांसाठी वापरला जाणारा ‘स्क्वॉ’ हा अपमानकारक शब्द काढून टाकण्यासाठी. तिथे प्रश्न शरीराच्या उल्लेखाचा नव्हता, जिवंत माणसांच्या अवहेलनेचा होता. त्याच वर्षी यलोस्टोनमधल्या माउंट डोन या शिखराचं नाव बदलून ‘फर्स्ट पीपल्स माउंटन’ केलं गेलं, कारण लेफ्टनंट डोन 1870 मध्ये झालेल्या पिगान या मूळनिवासी लोकांच्या कत्तलीत सामील होता. यलोस्टोनमधल्या हेडन व्हॅलीचंही नाव बदलावं अशी मागणी मूळनिवासी संघटनांची आहे. हेडन यांनी आपल्या लिखाणात या लोकांविषयी काढलेले उद्गार आज वाचवत नाहीत. 1872 चा तो प्रयत्न फसला नसता, तर वायोमिंगच्या सर्वांत प्रसिद्ध शिखराच्या नावावर आज वाद चालू असता. चावट म्हणून ज्याला हटवायचं होतं ते नाव निर्धोक निघालं, आणि सन्मानाचं म्हणून जे आणलं ते नाही.

मराठीत लिहिताना

दर उन्हाळ्यात अमेरिकेतली मराठी कुटुंबं, बरेचदा भारतातून आलेल्या आईवडलांना घेऊन, यलोस्टोन आणि टीटॉन अशी जोड सहल करतात, आणि मग मराठीत लिहितात. तिथे हे नाव ‘टेटन’, ‘टिटन’, ‘टेटॉन’ अशा अनेक रूपांत भेटतं. माझी पसंती ‘ग्रँड टीटॉन’ला आहे. मूळ फ्रेंच आहे म्हणून ‘ग्राँ तेताँ’ लिहिणं विद्वत्तेचं दिसेल, पण वायोमिंगमध्ये ते कुणी म्हणत नाही, आणि आपण नाव घेतलं ते तिथल्या इंग्रजीतून. आल्प्समधल्या ‘माँ ब्लाँ’ची गोष्ट वेगळी, त्या शिखराच्या पायथ्याशी आजही फ्रेंच बोलतात, म्हणून तिथे फ्रेंच उच्चार हाच स्थानिक उच्चार. मराठी माणसाच्या कानावर ते नाव 1966 च्या जानेवारीत मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं विमान तिथे आदळलं आणि होमी भाभा गेले त्या बातमीनं घट्ट बसलं. त्या काळापासून ‘मॉन्ट ब्लँक’ असंही लिहिलं जातं, पण दुरुस्त करायला हरकत नाही.

अर्थ सांगावा का? एकदा, सरळ, डोळा न मारता. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना यात अवघडण्यासारखं काही वाटू नये. जीवधन किल्ल्याला लागून उभ्या असलेल्या सुळक्याला आपण ‘वानरलिंगी’ म्हणतो. दोर लावून चढणारी मुलंमुली ते नाव दिवसभर घेतात आणि कुणाचे कान तांबडे होत नाहीत. त्याच सुळक्याला ‘खडा पारशी’ हे दुसरं नाव आहे, आणि सोवळ्या मंडळींची सोय तिथेही झालेली आहे. लोणावळ्याजवळच्या नागफणीला साहेबानं ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं. तिथे दोन्ही नावं जगली, कारण दोन्ही वापरणारे लोक तिथे येत राहिले.

बाकी रूपांचं सांगायचं तर अनेकवचनी ‘टीटॉन्स’साठी मराठीत ‘टीटॉन रांग’ लिहावं, ते ‘टीटॉन्स पर्वतरांगा’पेक्षा स्वच्छ वाटतं. मिडल आणि साउथ टीटॉन नकाशावरच्या नावांप्रमाणे तसेच ठेवावेत, आणि शेजारच्या नदीचं नाव, अक्षरं काहीही म्हणोत, ‘ग्रोव्हाँट’ असं लिहावं.